हिरव्या चौकोनाचा भरवसा

खाऱ्या पाण्याचा टँक घरी ठेवायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात माणसाच्या हातात एक कोष्टक पडतं. वर आडव्या ओळीत माशांची नावं, डावीकडे खाली उतरत तीच नावं, आणि मध्ये रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे खुशाल एकत्र ठेवा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे अजिबात नको. दुकानाच्या भिंतीवर ते लॅमिनेट करून लावलेलं असतं, मोबाइलवर फॉरवर्ड होऊन येतं, टँक बसवून देणारा माणूस जाताना त्याची एक प्रत ठेवून जातो. हा छंद आता कोणालाही जमेल असं जे हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं, ते या कागदाच्या जिवावर. जाणकारांनी सगळं ठरवून ठेवलंय, तुम्ही फक्त हिरव्या चौकोनांत राहा, काही होत नाही.

होतं. आणि जे होतं त्याचं खापर मग पाण्यावर, मिठावर, हीटरवर किंवा नशिबावर फुटतं. कागद भिंतीवर तसाच राहतो.

त्या कोष्टकातला लाल चौकोन जवळजवळ नेहमी खरा असतो, हे आधीच मान्य करून टाकतो. लायनफिश आपल्या निम्म्या लांबीचा मासा सहज गिळतो. त्याच्या टँकमध्ये गोबी सोडणं म्हणजे त्याला जेवण वाढणं. तिथे कोष्टक नको म्हणतं आणि ते बरोबरच आहे. घोटाळा हिरव्या चौकोनात आहे. 'हे दोघे एकमेकांना खाणार नाहीत' एवढंच ज्याला ठाऊक आहे, तो 'हे दोघे सुखाने राहतील' असं लिहून मोकळा होतो. पत्रिकेत छत्तीसपैकी तीस गुण जुळले म्हणून संसार कसा होईल हे जसं कळत नाही, तशातलाच हा प्रकार. घर किती खोल्यांचं, आधीपासून तिथे कोण राहतंय, चूल कोणाच्या हातात, यांचा रकानाच त्या कागदावर नाही.

ग्रीन क्रोमिस घ्या. हिरवट निळा, चकचकीत, बोटभर लांबीचा मासा. कोष्टकात त्याच्या ओळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवंच हिरवं, आणि स्वतःच्या नावाखालीसुद्धा हिरवा, कारण हा थव्याने राहणारा मासा. म्हणून पाच घ्या, सात घ्या, असा सल्ला मिळतो. एकाऐवजी सात विकायला दुकानदाराचं काय जातंय? पहिले काही आठवडे थवा खरंच थव्यासारखा हिंडतो. मग एका संध्याकाळी खाणं टाकल्यावर सगळ्यात छोटा पुढे येत नाही. तो हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, जरा तिरका उभा असतो. शेपटीची कड कुरतडल्यासारखी दिसते. काचेसमोर खुर्ची टाकून अर्धा तास बसलं तर कारणही दिसतं. बाकीच्यांतला एक जण अधूनमधून त्या कोपऱ्याच्या दिशेने नुसता वळतो. चावत नाही, धावूनही जात नाही. वळतो, अंग आडवं करून क्षणभर थांबतो आणि परत जातो. तेवढ्याने छोटा आणखी आत सरकतो. खाणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काही दिवसांनी तो दिसेनासा होतो, आणि खडकातल्या खेकड्यांनी आवराआवर केलेली असल्यामुळे देहही सापडत नाही. मग त्याच्याहून मोठ्याची पाळी. महिने जातात तसे सातांचे चार होतात, चारांचे दोन, आणि पुष्कळ टँकमध्ये शेवटी एकच धट्टाकट्टा क्रोमिस उरतो. ही हकिगत मरीन टँक ठेवणाऱ्या कोणालाही विचारा, नवी नाही. चौकोन मात्र हिरवाच.

समुद्रात हा मासा फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर मोठमोठ्या थव्यांनी राहतो हे खरं आहे. त्या थव्यातही मोठा-छोटा असतो, दटावणी असते. पण तिथे एकाची दटावणी कितीतरी जणांत वाटली जाते आणि ज्याच्यावर ती येते त्याला पलीकडची फांदी मोकळी असते. सातांच्या थव्यात वाटून घ्यायला कोणी नाही आणि पलीकडे काच आहे.

इथे हमखास उत्तर येतं: 'पण समुद्रात हे सगळे एकत्रच राहतात ना?' मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरून आलेला पर्यटक हेच सांगतो. एकाच खडकाभोवती डॅमसेल होते, फुलपाखरू मासे होते, कोणी कोणाला काही करत नव्हतं. त्याने पाहिलं ते खरंच आहे. फक्त त्याने भांडण संपल्यानंतरचं दृश्य पाहिलं. ज्याला तिथून हाकललं गेलं तो त्याला दिसणार नव्हता, कारण तो निघून गेला होता. समुद्रातली बहुतेक भांडणं अशीच मिटतात: एक जण पाठलाग करतो, दुसरा पळतो, आपल्या हद्दीबाहेर गेला की पहिला परत फिरतो. पळायला जागा असणं हाच तिथल्या शांततेचा आधार आहे. आता आपल्या घरातलं गणित बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे दोन घनफूट, जेमतेम ५६ लिटर. वाळू आणि लाइव्ह रॉक घातले की हातात राहतं पंचेचाळीसच्या आसपास. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच असा टँक घेतला तरी अडीचशे लिटर. एक डॅमसेल समुद्रात जेवढा खडक आपला म्हणून राखतो, तेवढ्यात हा दोन फुटी टँक अख्खाच्या अख्खा मावतो. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यातल्या डॅमसेलच्या लेखी टँकमध्ये एकच हद्द आहे, ती त्याची आहे, आणि बाकी सगळे घुसखोर आहेत. पाठलाग सुरू होतो आणि थांबण्यासाठी जी कुंपणाची रेघ लागते ती येतच नाही.

हे मासे भांडतात कशासाठी, हा प्रश्न जुना आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं आक्रमकतेवरचं पुस्तक १९६३ साली आलं. पुढे १९७३ साली त्यांना नोबेलही मिळालं. त्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळ खडकांवरच्या माशांपासून होते. भडक रंग ही 'जागा घेतलेली आहे' अशी पाटी, आणि ती वाचायची मुख्यतः आपल्याच प्रजातीच्या दुसऱ्या माशाने, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क सरसकट टिकला नाही. कितीतरी भडक फुलपाखरू मासे जोडीजोडीने, काही तर थव्याने निवांत हिंडतात. पण त्यातलं एक सूत्र टँकवाल्याच्या रोज कामाला येतं: ज्याला तुझंच अन्न, तुझंच बीळ, तुझाच जोडीदार हवा, तो तुझा शत्रू. शेवाळाची बाग राखणारे डॅमसेल शेवाळ चरणाऱ्या कोणत्याही माशावर तुटून पडतात, तो आकाराने चौपट असला तरी. अंडी खाणाऱ्यावरही तुटून पडतात. ज्याला या दोन्हीत रस नाही असा मासा शेजारून गेला तर तेवढं मनावर घेत नाहीत.

हे सूत्र कोष्टकाच्या रकान्यांत बसत नाही, कारण कोष्टक घराणी लावून मांडलेलं असतं: टँग, एंजल, रास, गोबी. रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक हे दोन मासे बघा. दोघांचं पुढचं अर्धं अंग जांभळं, मागचं पिवळं. नवख्याला ते एकच वाटतात. एकाचं घर कॅरिबियन, दुसऱ्याचं पश्चिम पॅसिफिक. समुद्रात यांची गाठ सात जन्मांत पडणार नाही. आपल्या टँकमध्ये पडते. दोघांनाही खडकातली तीच अंधारी फट हवी असते, आणि डॉटीबॅक त्या फटीसाठी ग्रामाचा जीव घेईपर्यंत थांबत नाही. दोन टँग एकाच घराण्यातले म्हणून सगळेच भांडतील असं नाही, आणि दोन घराण्यांतले म्हणून नांदतील असंही नाही. दोघांचा आकार सारखा आहे का, चरायची जागा एक आहे का, हे विचारावं लागतं. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असतो. 'सर्जनफिश' हे नाव त्यावरूनच पडलं. अरुंद टँकमध्ये शेपटीचा एक फटकारा पुरतो.

'दुकानात तर मजेत होते' हा दुसरा युक्तिवाद. होते, कारण त्यांच्यात भांडायचं त्राणच नव्हतं. दुकानातल्या टँकचा तळ उघडा असतो, लपायला फार तर पाइपचा तुकडा, गर्दी एवढी की कोणालाही कोपरा आपला म्हणता येत नाही, आणि प्रत्येक जण पिशवीतून आणि थर्माकोलच्या खोक्यातून प्रवास करून नुकताच आलेला. हद्द ठरवायला दिवस लागतात. तोवर मासा विकला गेलेला असतो. अशा टँकमधल्या शांततेवरून घरातल्या शांततेचा अंदाज बांधणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा. त्यात बऱ्याच ठिकाणी पाण्यात तांब्याचं औषध थोडं थोडं चालू असतं. त्यामुळे व्हाइट स्पॉट हा रोग दबून राहतो आणि मासा घरी येऊन साध्या पाण्यात पडला की उसळतो.

हा व्हाइट स्पॉटचा विषय मुद्दाम काढला. मरीन टँकमधल्या मृत्यूंच्या नोंदी कोणी ठेवत असतं तर निम्म्या नोंदींत हेच कारण लिहिलेलं सापडलं असतं. रोग खरा आहे: एक परजीवी, माशाच्या अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके, मग तळाशी पडून कोशात राहणं, कोश फुटून पुन्हा शेकडोंनी बाहेर येणं. तळाशी तो कित्येक आठवडे टिकतो. पण त्याच टँकमधल्या त्याच पाण्यात एक मासा जातो आणि दुसरा तरतो, तो का? गेलेला मासा बहुधा तोच असतो जो महिनाभर कोपऱ्यात उभा होता, अर्धपोटी होता, ज्याला रात्रीची जागाही मिळत नव्हती. भीतीत जगणाऱ्या माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. मग मालक म्हणतो, रोगाने गेला. दुकानदार म्हणतो, औषध घ्या. शेजाऱ्याच्या छळाने गेला असं कोणी म्हणत नाही, कारण कोष्टकात ते दोघे हिरव्या चौकोनात होते.

'लहान आहे हो, मोठा झाला की बघू' हे तर मला सगळ्यांत संतापजनक वाटतं, कारण ते बोलणाऱ्या दोघांनाही, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, ते खोटं आहे हे माहीत असतं. पँथर ग्रूपर विकायला येतो तेव्हा दोन-तीन इंचांचा, पांढऱ्या अंगावर काळे टिपके, डौलदार फडफडत चालणारा. त्याच्यासारखं गोजिरं बाळ नाही. हा मासा सत्तर सेंटिमीटरपर्यंत वाढतो. एम्परर एंजलचं पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी वर्तुळं; मोठेपणी अंगावर पिवळे पट्टे आणि लांबी चाळीस सेंटिमीटर. सिनेमातली 'डोरी' म्हणून पोरं जिच्यासाठी हट्ट धरतात ती ब्लू टँग तीस सेंटिमीटरपर्यंत जाते आणि दिवसभर पोहत राहते. दोन फुटी टँकमध्ये तिला वळायलाच अर्धा टँक लागेल. मोठा झाला की बघू म्हणणारे मोठा झाल्यावर काय बघतात? दुकानदार परत घेत नाही. ओळखीत कोणाकडे तेवढा टँक नसतो. मग एक तर तो मासा त्याच काचेत खुरटत मरतो, नाहीतर कोणीतरी रात्री त्याला खाडीत सोडून येतं आणि पुण्य केल्याच्या समाधानात झोपतं. या पुण्याचं काय होतं ते अमेरिकेने पाहिलं आहे. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला. घरच्या टँकमधून सोडलेल्या माशांपासून हे सुरू झालं असं मानलं जातं. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथल्या लहान माशांना अजूनही शत्रू म्हणून तो ओळखू येत नाही.

याच्याच जोडीला तो 'एका गॅलनला एक इंच मासा' असा ठोकताळा असतो. गोड्या पाण्याच्या छोट्या माशांवरून तो आला आणि खाऱ्या पाण्यात उगाच राहिला. मासा लांबीला दुप्पट झाला की वजनाला साधारण आठपट होतो. दहा इंचांचा एक मासा म्हणजे एक-एक इंचाचे दहा मासे नव्हेत. वजनाच्या हिशेबात ते हजार होतात. तो खातो, घाण करतो आणि प्राणवायू घेतो, तेही त्या दहांपेक्षा कितीतरी जास्त. आणि मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात चिलर नसलेल्या टँकचं कोमट खारं पाणी आधीच कमी प्राणवायू धरून असतं. वीज गेली आणि पाणी फिरवणारा पंप, म्हणजे पॉवरहेड, बंद पडला की कोण कोणाशी जुळतं हा प्रश्नच उरत नाही.

आता त्यातल्या त्यात निर्धोक समजल्या जाणाऱ्या माशाकडे येतो. क्लाऊनफिश. २००३च्या 'फाइंडिंग निमो'नंतर ज्याच्यासाठी जगभर टँक विकत घेतले गेले असं म्हणतात तो. मी स्वतः नवख्याला हाच सुचवतो. हॅचरीत जन्मलेला मिळतो, काटक आहे, ठेवायला सोपा आहे. पण कोष्टक म्हणतं क्लाऊनफिश आणि क्लाऊनफिश: हिरवा. म्हणून घरातल्या तीन पोरांच्या नावाने तीन येतात. या माशात सगळे नर म्हणून वाढतात. गटातला सगळ्यांत मोठा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नर, आणि बाकीचे वाढ रोखून, मान खाली घालून राहतात. समुद्रात एका समुद्रफुलावर हे चालतं, कारण खालच्यांना वाट बघण्यात फायदा असतो: मादी मेली की नराची मादी होते आणि प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो. टँकमध्ये जोडी जमली की तिसऱ्याला मारून काढलं जातं. दोन छोटे वेगवेगळ्या आकाराचे आणले तर महिन्याभरात त्यांचं आपसांत ठरतं. दोन तयार माद्या एकत्र टाकल्या तर एकच उरते. आणि हे झालं साध्या ओसेलारिस जातीच्या क्लाऊनफिशचं. मरून क्लाऊन नावाची त्यांची दांडगी बहीण तर मोठ्या टँकमध्येही दुसऱ्या क्लाऊनफिशला उभं करत नाही. कोष्टकात ती त्याच रकान्यात आहे.

मग काही मासे असे आहेत की ज्यांचं कोणाशीच भांडण नाही आणि तरीही त्यांना हिरवा चौकोन देणं हा गुन्हा वाटावा. मंडारीन मासा बघा. अंगावर जणू पैठणीचं विणकाम, स्वभावाने गरीब, कोणाच्या वाटेला जात नाही. तो दिवसभर खडकावरचे डोळ्यांनाही धड न दिसणारे कोपेपॉड टिपत हिंडतो. नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात, आणि असले तर त्याच्याशेजारचा सहा रेघांचा रास ते आधी संपवतो. त्या दोघांमध्ये एकदाही झटापट होत नाही. मंडारीन शांतपणे दोन महिने उपाशी राहून, पोट आत जाऊन, मरतो. क्लीनर रासचंही तेच: समुद्रात मोठ्या माशांच्या अंगावरचे किडे खाऊन जगणारा हा मासा पाच-सहा माशांच्या टँकमध्ये काय खाणार? पिवळ्या चौकोनी फाशासारखा दिसणारा बॉक्सफिश कोणाला चावत नाही. पण घाबरला किंवा मेला की त्याच्या कातडीतून विष पाण्यात उतरतं आणि सकाळी सगळा टँक उताणा पडलेला असतो. त्याला घाबरवायला शेजारी भांडकुदळच हवा असं नाही, जाळी पुरते.

आमच्यातले अनुभवी लोक इथे हात वर करतात. 'आमच्याकडे टँग आणि ट्रिगर आणि एंजल वर्षानुवर्षं एकत्र आहेत, काही झालं नाही.' असतील. पण ज्यांच्याकडे झालं ते आता या गप्पांत नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांचा टँक स्टँडसकट अर्ध्या किमतीत विकला गेला, मीठ माळ्यावर पडलं, आणि 'मरीन आपल्याला झेपत नाही' असं म्हणून ते गप्पी माशांकडे परतले. जे उरले तेच बोलतात आणि नवख्याला वाटतं सगळ्यांचंच असं चालतं. शिवाय त्या यशस्वी टँकची लांबी विचारा. आठ फूट, खाली गाळणीचा वेगळा टँक म्हणजे सम्प, घाण काढणारा मोठा स्किमर, बॅटरीचा बॅकअप. ते सांगायला विसरतात. ऐकणाराही आपल्या दोन फुटांत तीच यादी भरतो.

याच्या उलट टोकाला 'प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा, शेवटी नशीब' म्हणणारे आहेत. माझं म्हणणं तसंच आहे असा कोणाचा समज होऊ नये. स्वभावात फरक असतो, पण टँकमधली बरीच भांडणं आधी सांगता येतात. सगळ्यांत जास्त फरक पाडणारी आणि कोणत्याच कोष्टकात नसलेली गोष्ट म्हणजे क्रम. आधी आलेला मालक होतो. नवा टँक सायकल होण्यासाठी, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू रुजण्यासाठी, 'काटक आहेत' म्हणून पहिले डॅमसेल सोडायची जी पद्धत पडली आहे, तिने जेवढे मासे मारले तेवढे लायनफिशनेही मारले नसतील. अमोनिया सोसून तो डॅमसेल जगतो, दीड महिन्यात एकूण एक बिळावर हक्क सांगतो, आणि मग त्याच्या राज्यात तुम्ही बुजरा फायरफिश आणून सोडता. फायरफिश घाबरला की उडी मारतो. दुसऱ्या दिवशी तो सोफ्याखाली सापडतो. अमोनियाची बाटली आणि टेस्ट किट मिळत असताना जिवंत माशावर टँक सायकल करण्याचं काहीच कारण नाही. बुजरे आधी, दांडगट शेवटी, आणि दांडगटाला सोडायच्या दिवशी खडकांची मांडणी बदला म्हणजे जुन्यांच्याही हद्दी मोडतात. ही माहिती गुपित नाही. ती चौकोनात मावत नाही, आणि चौकोन बघून मासे विकायला सोपे जातात.

एक आक्षेप खास आपल्याकडचा. 'पापलेट-सुरमई तळून खाता आणि टँकमधल्या माशाच्या छळाबद्दल गळा काढता?' मीही मासे खातो, आवडीने. सुरमई जाळ्यात सापडली, मेली, ताटात आली. तिला आपण सहा महिने काचेत कोंडून, शेजाऱ्याकडून रोज हाकलवून, उपाशी ठेवून मारलं नाही. ज्या जिवाला आपण केवळ बघण्यासाठी विकत घेतलं, त्याच्याकडे बघायचं एवढीच आपली जबाबदारी होती. तेवढीही पार पडत नसेल तर काचेवर रंगीत स्टिकर लावावेत.

कायद्याचंही कोष्टकाला काही सोयरसुतक नाही. त्यात समुद्रघोड्याचा रकाना असतो, गोबीबरोबर हिरवा, क्लाऊनफिशबरोबर पिवळा. भारतात समुद्रघोडे आणि प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातला समुद्रघोडा कोणी पिशवीत घालून दाखवला तर तो कोणाशी जुळतो हे विचारत बसू नका. उलट जे मासे आपल्याकडेच वाढवले जातात त्यांची चौकशी करा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनची क्लाऊनफिशची हॅचरी आहे. हॅचरीतला मासा लहानपणापासून पॅकेटमधल्या खाण्याला आणि शेजाराला सरावलेला असतो. समुद्रातून ओढून आणलेल्याला या दोन्ही गोष्टी तुमच्या टँकमध्ये शिकाव्या लागतात.

तेव्हा दोन फुटी टँक असेल तर क्लाऊनफिशची एक जोडी आणि एक गोबी, एवढ्यावर थांबा. चार फुटी असेल तर आणखी तीन-चार छोटे मासे, सगळे वेगवेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या जागी राहणारे, दोघांच्या मध्ये महिन्याभराचं अंतर ठेवून, आणि प्रत्येक जण आधी चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये. टँग नको, ग्रूपर नको, 'लहान आहे' म्हणून तर काहीच नको. पुढच्या खेपेला दुकानात गेलात की भिंतीवरच्या कोष्टकाकडे पाठ करून उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा: हा केवढा होतो, हा काय खातो, हा कुठून आला. मग त्याला समोर खायला घालून दाखवायला सांगा. खाल्लं नाही तर घेऊ नका, चौकोन कितीही हिरवा असो.